पाणी तापवणारा कुंडलिक

महाळुंगे पडवळच्या कुंडलिक वायरमनशी माझं कायम वाजायचं. घोडेगावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि थंडीत ते पाणी तापवायच्या रॉडवरच चालतं. हा गडी भर गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "पावणं, ह्यो घेऊ नका." दुसरा कुणी असता तर हाताला धरून बाहेर काढला असता. पण त्याची बायको प्रतिभा अशाच रॉडनं गेली होती. पाणी तापलं का बघायला तिनं बादलीत बोटं घातली आणि रॉड चालूच होता. कुंडलिक तेव्हा कुणाच्या तरी विहिरीवर मोटार जोडत होता.

पुढे बरेच दिवस तो कामापुरतं बोलायचा. मग इमारतींमध्ये विजेवर पाणी आणि खोल्या तापवायच्या कामाचं, हीट पंपाचं प्रशिक्षण पुण्यात निघाल्याचं त्याला कळलं. पंचेचाळिशीचा हा माणूस मिसरूड फुटलेल्या पोरांच्या बाकावर जाऊन बसला. आला तो वेगळाच होऊन. माझी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून मला शिकवायचा, "राव, फ्रीज आतली गरमी भाईर टाकतो ना? ह्ये त्याच्या उलटं. भाईरच्या हवेतली गरमी उचलतं आन पाण्यात सोडतं. वीज मशीनपाशीच राहती, बादलीत उतरतच न्हाई." हे शेवटचं वाक्य तो बोटानं काउंटर ठोकत म्हणायचा. मला ते ऐकवत नसे.

तळेघरच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या पोरी रोज सकाळी बादल्यांत रॉड सोडून पाणी तापवायच्या. हे कळल्यापासून कुंडलिकला चैन पडेना. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांच्या मागे लागून, त्यांचे उंबरे झिजवून त्यानं तिथे हीट पंप बसवायला लावला. ऐन उन्हाळ्यात न्हाणीघराच्या मागे मशीन उभं राहिलं, नारळ फुटला, अधीक्षिका मॅडमना त्यानं सगळी बटणं समजावून दिली. रॉड कपाटात गेले.

भर पावसाळ्यात तो माझ्या दुकानात असतानाच मॅडमचा फोन आला. मशीन सारखं बंद पडतंय, म्हणून रॉड पुन्हा बाहेर काढलेत. कुंडलिक तसाच दाराकडे निघाला. मी शटर ओढलं आणि त्याला गाडीवर मागे बसवलं. डिंभ्याच्या पुढे पाऊस आणि धुकं एवढं की रस्ता दिसेना, पण हा मागून एकच म्हणत होता, "बिगी बिगी चला."

पोचल्यावर तो मशीनकडे गेलाच नाही. आधी न्हाणीघरात शिरून त्यानं एकेका रॉडची पिन उपसून काढली. मग आम्ही मागे गेलो. तिथे मशीन दिसेचना. कारवीच्या काठ्या, भाताचा पेंढा आणि वरून प्लास्टिक असा चहूबाजूंनी गच्च आडोसा बांधलेला. त्या डोंगरात पावसाळ्याआधी घराच्या भिंतींना असाच आडोसा बांधतात. हा मात्र घराच्यापेक्षाही निगुतीनं बांधला होता.

स्वयंपाक करणाऱ्या सारजाबाई पदराला हात पुसत आल्या. "म्या बांधलाय. पोरींना ऊन पाणी देतंय बिचारं, त्येला पावसात कुडकुडत ठेवायचं व्हय?"

माझं डोकं फिरलं होतं. वाटलं, आता कुंडलिक हिला फाडून खाणार. तो उकिडवा बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. या मशीनला मोकळी हवा लागते. कोंडलं की ते स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढतं, आतून गारठतं आणि बंद पडतं. पावसानं त्याला काही होत नाही.

सारजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग ह्ये मला तवाच का न्हाई सांगितलं, भाऊ? मॅडमला सांगितलं. मॅडम येत्यात व्हय पोरींचं पाणी काढाया?"

"चुकलं माझं, बाई," कुंडलिक एवढंच म्हणाला.

त्या दोघांनी मिळून आडोसा सोडला. काही वेळानं मशीन सुरू झालं. मग त्यानं सगळ्या पोरींना बोलावलं, सारजाबाईंना पुढे बसवलं आणि मशीन कसं सांभाळायचं ते पहिल्यापासून सांगितलं. घरी गेल्यावर आईला रॉडबद्दल काय सांगायचं, तेही पोरींकडून दोनदा म्हणवून घेतलं.

येताना आम्ही चहाला थांबलो. त्याचा कप तसाच निवत होता. मी म्हटलं, "आता कशाला जिवाला लावून घेतोस? झालं ना काम."

"राव, गावभर सांगत फिरायचो, पिन काढल्याबिगर पाण्यात हात घालू नका म्हणून," तो म्हणाला. "प्रतिभाला कधीच सांगितलं न्हाई. वाटलं, वायरमनची बायकू हाय, तिला ठावं आसंल."