जागेवरचा दाब

ताईचा फोन आला तेव्हा मी मंडईत होते. हातात मेथीची जुडी होती आणि भाजीवाल्या मावशी पिशवी उघडून धरा म्हणत होत्या. "गेले गं... पहाटे, झोपेतच," एवढंच ताई म्हणाली. मी गर्दीतून बाजूला होऊन खांबाला टेकले. तेव्हा मनात आलेला पहिला विचार मी लपवणार नाही. बरं झालं, माझं बोलून झालं होतं! रडू नंतर आलं, रिक्षात. हाच फोन चार महिने आधी आला असता तर मी हे लिहायला धजले नसते.

वसंतभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही विश्रांतवाडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी तापमापक टांगलं होतं, आणि रोज सकाळी साडेआठला तापमान, दाब, वारा, ढग असं सगळं वहीत उतरत असे. सोसायटीतलं कुणी विचारायचं, "काका, आज पाऊस पडेल का?" भाऊजी म्हणायचे, "पडला की कळवतो." स्वतः तोंडभर हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. पण त्यांच्या वहीत कधी खाडाखोडही पाहिली नाही.

मला कॉलेजात असताना एनसीसीमुळे रायफलची गोडी लागली होती. संसार, विमा कंपनीतली नोकरी यांत ती मागे पडली, आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा उफाळली. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका मैदानावर मी दर रविवारी जाऊ लागले. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत फलक जवळजवळ किलोमीटरभर दूर असतो. गोळीला तिथे पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात हवा तिला अडवते, वारा ढकलतो, ती खाली येत जाते. म्हणून किती वर धरायचं याचा हिशेब आधी करावा लागतो. माझे नेम कधी वर, कधी खाली जात. मी म्हणायचे, मन स्थिर नव्हतं. एकदा जेवताना भाऊजींनी हे ऐकलं आणि ताटावरून मान वर न करता म्हणाले, "गोळी हवेतून जाते की तुझ्या मनातून?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. माझ्या सरावाच्या नोंदी मागून घेतल्या. गार सकाळी गोळी खाली का लागते, एप्रिलच्या दुपारी वर का जाते, हे मला कागदावर काढून दाखवलं. थंड हवा दाट, तापलेली विरळ. दाब कमी तर हवा आणखी विरळ. दोन महिने खपून त्यांनी सुबक अक्षरात एक तक्ता केला. इकडे तापमान, तिकडे दाब, आणि दोन्ही जुळतील त्या चौकटीत दुर्बिणीची चकती किती क्लिक फिरवायची तो आकडा. अंतिम स्पर्धा समुद्रकाठच्या गावी व्हायची होती, म्हणून तिथल्या दाबाचेही आकडे त्यात होते. तक्ता देताना डबीएवढं दाबमापकही हातात ठेवलं. "जागेवरचाच दाब घ्यायचा. जिथे झोपून नेम धरशील तिथला. कळलं?" मी हो म्हटलं. मला कळलं नव्हतं.

त्याआधीची निवड चाचणी आमच्याच मैदानावर होती, आणि त्या सकाळी दाबमापक घरी टेबलावरच राहिलं. मी मोबाइल काढला. त्यावर शहराचं नाव पुणे असं होतं आणि पुढे दाबाचा आकडा. पुण्याचा दाब तो पुण्याचा दाब, असं मला वाटलं. तक्त्यात तो आकडा सापडला, मी क्लिक फिरवले आणि नेम तपासायला मिळणाऱ्या सुरुवातीच्या दोन्ही गोळ्या फलकावर लागल्याच नाहीत. वरून गेल्या की खालून, तेही कळेना. मग मोजणीच्या गोळ्या सुरू झाल्या. अंदाजाने खाली येत येत फलक सापडला तोवर खेळ संपला होता. त्या वर्षी माझं वय, माझी तयारी, सगळं जुळून आलं होतं. पुन्हा तशी संधी आली नाही.

संध्याकाळी ताईकडे गेले तेव्हा पाहुणे बसले होते. भाऊजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "काय झालं?" मी सगळ्यांसमोर म्हणाले, "होणार काय? आयुष्यभर लोकांचा पाऊस चुकवलात, आता माझ्या गोळ्या चुकवल्यात." कुणीतरी हसलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "दाब कुठला घेतला होतास?" दाबमापक विसरल्याचं कबूल करायची लाज वाटली मला... इतक्या क्षुल्लक गोष्टीची. "तुम्ही सांगितलात तोच," असं म्हणून मी चप्पल घातली.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या घराची पायरी चढले नाही. ताईशी फोनवर बोलायचे, तीही नंतर तुटक बोलू लागली. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "अजून तो तक्ता तपासत बसतात गं. चूक सापडत नाही म्हणतात." पुढे तिनेच सांगितलं की त्यांनी गॅलरीतल्या नोंदी बंद केल्या. मी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी मी खिशात मावेल असं हवामानाचं नवं यंत्र घेतलं. त्यावर दाब दिसला नऊशे सेहेचाळीस, मोबाइल सांगत होता हजाराच्या वर. यंत्र बिघडलेलं समजून मी बुधवार पेठेतल्या दुकानात परत घेऊन गेले. दुकानदारांनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "बाई, पुणं समुद्रकिनारी कधी गेलं?" मग त्यांनी समजावलं. गावागावांची तुलना करता यावी म्हणून बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. पुणं उंचावर आहे, इथली खरी हवा त्याहून विरळ. घरी येऊन जुनी सरावाची वही काढली. चाचणीच्या तारखेखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, एक हजार नऊ. मी समुद्रकाठच्या दाट हवेसाठी नेम धरला होता. गोळ्या वरूनच जाणार होत्या.

तरीही जायला मला पंधरा दिवस लागले. दार ताईने उघडलं. भाऊजी खुर्चीत बसले होते, नाकाला प्राणवायूची नळी. फुप्फुसं थकली होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊजी, मी दाबमापक घरी विसरले होते. मोबाइलवरचा दाब घेतला आणि तुमच्याशी खोटं बोलले." त्यांनी विचारलं, "आकडा?"

"एक हजार नऊ."

त्यांनी ताईकडे कागद-पेन्सिल मागितली. हिशेब सावकाश पुरा केला. "म्हणजे दीडएक फूट वर."

"हो. साधारण तेवढंच खाली आल्यावर फलक सापडला होता."

पेन्सिल ठेवून त्यांनी डोळे मिटले. "मग तक्ता बरोबर होता," ते स्वतःशीच म्हणाले. मी त्यांच्या पायाशी बसून रडत होते. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "सहा वर्षं लागली तुला. आणि उशिराबद्दल लोक आमच्या खात्याला नावं ठेवतात."

पुढचे तीन महिने मी दर शनिवारी जात होते. एका शनिवारी मी म्हटलं, दमट हवा जड, म्हणजे गोळी जास्त अडणार. भाऊजी खुर्चीत सरसावून बसले. "कोण म्हणतं? वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमट हवा हलकीच. जड वाटतो तो आपला घाम." एवढं बोलून त्यांना धाप लागली, ताई माझ्यावर डोळे वटारू लागली, तरी हाताने तिला थांबवत ते म्हणाले, "लिहून घे. मी परत सांगायला असेन नसेन." मी लिहून घेतलं.

परवाच्या रविवारी ताई पहिल्यांदाच माझ्याबरोबर मैदानावर आली. कानांत कापूस घालून, छत्री उघडून मागे बसली आणि प्रत्येक गोळीला दचकली. परतताना धरण मागे पडलं तेव्हा गाडीत म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलंय. तू कबूल करून गेलीस ना, त्या दुपारी त्यांनी वरणभात मागून घेतला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मी म्हटलं, रागवायचं सोडून जेवताय काय? तर म्हणाले..." ती थांबली, पदराने डोळे पुसले आणि हसली. "म्हणाले, रागवायला वेळ आहे कुठे, मी बरोबर होतो म्हणून भूक लागलीये."