दुसऱ्या खेपेच्या आत्या

माणसाचं नाव विचारायच्या आधी रक्तगट विचारणारी बाई अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला आत्यासासू म्हणून आली. लग्नात नव्या नवरीच्या हातात आहेर ठेवताना बायका आशीर्वाद देतात, आत्या तिच्या कानाशी लागून विचारतात, "निगेटिव्ह की पॉझिटिव्ह?" नवरी बिचारी गांगरते. माझा निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह आहे हे कळल्यावर तर त्यांनी भर पंगतीत असा सुस्कारा टाकला, की सासूबाईंना वाटलं, पत्रिकेतच काही खोट निघाली.

पहिलटकरणीचे लाड सगळं जग करतं. दुसऱ्या खेपेला कुणी ढुंकून बघत नाही, आणि आत्या जाग्या होतात त्या तेव्हाच. मला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं मात्र, देवळाली कॅम्पहून रिक्षा करून आमच्या नाशिक रोडच्या घरी हजर! "पहिल्या बाळंतपणानंतर सुई दिली होती का गं? निगेटिव्ह आईला देतात ती?" मला मेलीला आठवेना. बाळंतपण माहेरी, मनमाडला झालेलं. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "अहो, नातू झाला, पेढे वाटले, सुया कोण लक्षात ठेवतं?"

"झालं!" आत्यांनी कपाळावर हात मारला. "माहेरच्यांना वाटतं सासरचे बघतील, सासरच्यांना वाटतं माहेरी झालं असेल. आणि ती सुई चुकली, की आईचंच रक्त पुढच्या बाळाच्या रक्तावर उठतं."

दुसऱ्या दिवशी मला धरून तपासणीला नेलं. रक्त माझं काढत होते आणि डोळे आत्यांनी मिटलेले. माझा दुसरा हात असा आवळला, की त्यांच्या बोटांचे वळ उठले. रिपोर्ट येईपर्यंत मी भीतीने अर्धी झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात तसलं काही नाही. सातव्या महिन्यात पुन्हा तपासू आणि सुई देऊ." मी "सुटले बाई!" म्हणत वळले, तर आत्या पदरात तोंड घालून रडत होत्या.

"मीही निगेटिव्हच. माझी दुसरी मुलगी जन्मली आणि लगेच पिवळी व्हायला लागली गं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, काय सोन्यासारखी कांती आहे! मीही हसले. आठवडाही नाही राहिली."

मला मुलगी झाली. ती कुणासारखी दिसते यावर घरात वाद सुरू झाला, तेव्हा आत्या तिला उचलून खिडकीपाशी गेल्या. नाकाचा शेंडा बोटाने हलकेच दाबला, सोडला आणि निरखून बघितलं.

"गुलाबी आहे," त्या पुटपुटल्या. मग कितीतरी वेळ त्यांनी तिला खाली ठेवलं नाही, आणि आम्हीही कुणी मागितलं नाही.