अंगठ्याची थरथर

रविवारच्या पोकरच्या बैठकीत मी चांगला खेळू लागलो, यात माझी हुशारी नव्हती. ज्या कारणाने जिंकत होतो, ते मी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत कोणालाही सांगितले नाही. पत्नीलाही नाही.

हा खेळ मला माझ्या मित्रानेच शिकवला. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन तो हुडकेश्वरला राहायला आला होता. दर रविवारी जेवणे आटोपली, की त्याच्या घरी आम्ही चौघे मित्र सतरंजी अंथरून बसत असू. पैसे लावायचे नाहीत, हा त्याच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा नियम. म्हणून आम्ही चिंचोके लावत असू. मला सवय दिवाळीतल्या तीन पत्तीची: पत्ते न पाहताच चाल करायची आणि शेवटपर्यंत मागे हटायचे नाही. त्या सवयीने पोकरमध्ये माझी वाटी बघता बघता रिकामी होई.

"अबे, प्रत्येक डाव खेळलाच पाहिजे असं कोणं सांगतलं तुले?" तो हसत म्हणे. "हातातले दोन पत्ते बेकार असले, तर फेक अन् गप्प बस. बसल्या बसल्या माणसं पाहात जा."

मी पत्ते फेकू लागलो, गप्प बसू लागलो, आणि त्यालाच पाहू लागलो. हळूहळू मला एक गोष्ट दिसली. त्याला चांगले पत्ते आले, की मांडीवर टेकलेल्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हलके हलके फिरे, बोटांत गोळी वळावी तसा. नुसती हूल देताना मात्र तो निवांत असे, अंगठाही स्थिर. अंगठा हलला, की मी डाव सोडून देई. स्थिर असला, की चिंचोके पुढे सरकवी. माझी वाटी भरू लागली.

"काहून गा, माझे पत्ते दिसून राहिले का तुले?" एकदा त्याने विचारले.

"गुरूची कृपा," मी म्हणालो.

"घ्या! चेल्यानं गुरूचीच वाटी साफ केली," चौघांतला तिसरा ओरडला, आणि सगळे हसले. सर्वांत मोठ्याने तोच हसला.

संक्रांतीनंतर पत्ते बेकार असतानाही अंगठा हलू लागला. आपली खूण निकामी होत चालली, याचा मला चक्क राग आला. हा हात मुळात का हलतो, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आज हे लिहितानाही माझा स्वतःवर विश्वास बसत नाही.

उन्हाळ्यात त्याच्या हातून चहा सांडू लागला, तेव्हा मीच त्याला आणि वहिनींना गाडीतून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याला हात मांडीवर सैल ठेवून शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. अंगठा फिरू लागला. तोच अंगठा, तशीच गोळी वळणारा.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "मनावर ताण आला, उत्सुकता वाढली, की सुरुवातीला तेवढ्यापुरता दिसतो. हा बराच आधीचा असावा. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

वहिनींनी मान खाली घातली. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांना रडू आवरेना.

"रोज यांच्या हातात कप देते मी, भाऊजी. मले काहून नाही दिसलं? कशाची बायको मी!"

"जाऊ दे वं," तो म्हणाला. "माझा हात, मलेच नाही समजलं. तुले कसं समजन?"

मी गप्प राहिलो असतो, तर कोणालाही काही कळले नसते. फक्त तो दोष त्यांनी जन्मभर स्वतःच्या माथी वाहिला असता.

"वहिनी, तुमची काही चूक नाही," मी म्हणालो. "मले दिसलं होतं. दिवाळीपासून." मग त्याच्याकडे वळलो. त्याच्या डोळ्यांत पाहणे मला जमत नव्हते, तरी पाहिले. "तुझा अंगठा हलला, की तुले पत्ते चांगले आले, एवढंच मी पाहत होतो. बोललो असतो तर माझं जिंकणं गेलं असतं, म्हणून बोललो नाही. मले माफ कर गा. वहिनी, तुम्हीही मले माफ करा."