न दुखलेला खांदा

अमेरिकेतल्या प्लेनो गावच्या मराठी मंडळींचं पॉटलक, म्हणजे घरोघरच्या डब्यांचं जेवण, असलं की राजेश हटकून म्हणायचा, "देवदत्त, ती खांद्याची गोष्ट होऊन जाऊ दे यार!" मग देवदत्त हातातली प्लेट खाली ठेवायचा आणि रंगात यायचा.

गोष्ट २००४ सालची. पुण्याहून इंग्लंडला एम.एस्सी. करायला गेलेला देवदत्त तिथल्या विद्यापीठाच्या संघात डावखुरी फिरकी टाकायचा. पहिल्या सहा सामन्यांत एकोणीस बळी. काउंटीच्या दुसऱ्या संघानं त्याला जूनमध्ये तीन दिवसांच्या सामन्याला बोलावलं. नेमकी सामना सुरू व्हायच्या सोमवारी अमेरिकेतल्या नोकरीची मुलाखत होती. खरं सांगायचा धीर होईना, म्हणून त्यानं खांदा दुखावल्याचं कळवलं. त्याच संध्याकाळी काउंटीचे म्हातारे कोच बर्फाची पिशवी घेऊन खोलीवर हजर! तासभर ते त्याचा धडधाकट खांदा शेकत बसले.

"आणि समोर इस्त्रीचा सूट टांगलेला!" इथं सगळे खो खो हसायचे. "पण नोकरी मिळाली की नाही?" म्हणून तो गोष्ट संपवायचा.

जाताना कोच म्हणाले होते, "बरा झालास की कळव. जागा ठेवतो." देवदत्तनं कधीच कळवलं नाही. एवढं मात्र तो सांगत नसे.

त्याची मुलगी अनिका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तीही डावखुरी फिरकी टाकायची. तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा देवदत्तनं लगेच रजा टाकली, हॉटेल बुक केलं. शिबिराच्या चार दिवस आधी तिचा फोन आला.

"बाबा, हॉटेल कॅन्सल कर. मी नाही म्हणून कळवलंय. इंटर्नशिप सेम वीकला सुरू होतेय."

"अगं, कंपनीवाले आठवडाभर थांबले असते! विचारलंस त्यांना?"

"तू विचारलं होतंस?"

त्यानं विचारलं, "शिबिरात काय कारण दिलंस?"

"शोल्डर इंज्युरी." ती हसली. "तुझीच आयडिया. वर्क्ड फॉर यू, राइट?"

"आत्ताच्या आत्ता फोन कर. खरं सांग त्यांना."

"माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली, बाबा. इट्स ओके."

पुढच्या पॉटलकला राजेशनं नेहमीची फर्माईश केली. अनिका समोरच बसली होती. सुटापाशी सगळे हसले. देवदत्त या वेळी थांबला नाही. कोचनं जागा ठेवली होती, आपण कळवलंच नाही, हेही त्यानं सांगितलं.

"अरे, हे कधी बोलला नाहीस," राजेश म्हणाला.

"आधी सांगायला हवं होतं."

अनिकानं प्लेटवरून नजर वर केली नाही.