छाती तपासून घेतलेलं युकुलेले

चौतीस वर्षं सरकारी नर्सबाई म्हणून गावोगाव फिरून अनुसयाबाई मेश्राम निवृत्त झाल्या, तेव्हा बालाघाटच्या त्यांच्या वॉर्डात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ही बाई एरवी खरं बोलते, पण हातात औषध असलं की तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. "गोड आहे रे बाबू, सरबतच आहे," असं म्हणत त्यांनी दोन पिढ्यांना कडू डोस पाजले होते.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी त्यांची भाची दीपिका घरी आली. ती शाळेत शिकवते. मैत्रिणीकडून मागून आणलेलं युकुलेले तिच्या खांद्याला होतं. हातभर लांबीचं, गिटारच्या पिल्लासारखं ते वाद्य. चार तारा, त्याही नायलॉनच्या, बोटाला न टोचणाऱ्या. हवाई बेटांवरून जगभर गेलेलं. अनुसयाबाईंनी ते मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत परत दिलं नाही. विहारातल्या पेटीवर त्या भीमगीतं वाजवत असत, पण पेटी उचलून न्यायला दोन माणसं लागायची. हे तर भाजीच्या पिशवीत मावत होतं.

असंच एक विकत घ्यायचं त्यांनी ठरवलं. प्रश्न होता नवऱ्याचा. घनश्याम पोस्टातून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीवर आधी शिक्का पाहिजे असणारे. बाईंनी जुनीच युक्ती काढली.

"डॉक्टरनं सांगितलं जी. बोटं आखडून राह्यली ना माही. म्हणे, तारेचं काहीतरी वाजवा."

घनश्याम "हौ" म्हणाले. पण तिसऱ्या दिवशी ते बाजारातून आले ते जिलेबीचा पुडा घेऊन. त्यांना साखरेचा आजार, आणि घरात गुळाचा खडाही कुलुपात.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"डॉक्टर भेटले होते भाजीबाजारात. तुह्या बोटायचं इचारलं मी त्यायले. मंग मलेबी सांगितलं त्यायनं. हप्त्यातून दोनदा जिलेबी."

 मग अनुसयाबाईंनी पुडा उघडला, एक जिलेबी त्यांच्या पुढ्यात ठेवली, बाकीच्या शेजारच्या चंपाबाईंकडे पाठवल्या. डॉक्टरांचं नाव त्या घरात त्यानंतर कोणी काढलं नाही.

रात्री जेवताना घनश्यामच म्हणाले, "घेजो ते. पण हवाईचं म्हणतेस ना, मंग हवाईचंच घे. आणि चांगलं घे. डुप्लिकेट आणशीन तर मी पाहुण्यायले सांगीन का नातवाचं खेळणं आहे."

आपल्याला अजून नातू नाही हे त्यांनी सोयीस्करपणे वगळलं.

पहिलं युकुलेले मोबाईलवरून मागवलं. फोटोत चकचकीत, भाव परवडणारा. खोका उघडला तर रंगाचा वास घरभर. दीपिकानं सकाळी तारा सुरात लावून दिल्या. दुपारच्या चहापर्यंत चारही तारा उतरून लोळत होत्या. खुंट्या पिळाव्यात तर आपोआप मागे फिरायच्या.

"याले चक्कर येऊन राह्यली," घनश्यामांनी निदान केलं. "सलाईन लाव."

ते परत गेलं. मग बाईंनी दीपिकाकडून नीट धडा घेतला. पोकळ भाग टकटक करून ऐकायचा. गळ्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पडद्यांच्या कडा अंगठ्यानं चाचपायच्या. बाराव्या पडद्यावर तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात, बिनचूक निघाला पाहिजे. बेसूर निघाला तर वाद्य जन्मतःच वाकडं. अनुसयाबाईंना हे सगळं ओळखीचं वाटलं. नवजात बाळही त्या असंच पाहत.

एका मंगळवारी त्या गाडीनं गोंदियाला गेल्या. वाद्यांच्या दुकानातल्या माणसानं काचेच्या कपाटातून एक युकुलेले काढलं.

"मॅडम, एकदम ओरिजिनल. सीधा हवाई से."

"हवाई कुठी आलं जी?" बाईंनी भोळा चेहरा करून विचारलं.

त्यानं दूरवर हात दाखवला. "केरल के आगे."

बाईंनी मान डोलावली आणि पर्समधून घसा तपासायची बारीक बॅटरी काढली. वाद्याच्या भोकात उजेड पाडला. आत डिंकाचे ओघळ होते आणि आधाराच्या एका लाकडी पट्टीचं टोक सुटलेलं होतं. मग त्यांनी स्टेथोस्कोप काढला, कानात घातला आणि वाद्याच्या पोटावर टेकवून तार छेडली. दुकानातली गिऱ्हाईकं जवळ सरकली.

"श्वास घ्या," बाई युकुलेलेला म्हणाल्या. मग दुकानदाराकडे वळल्या. "छातीत घरघर आहे याच्या. आतली पट्टी सुटली."

पडद्यांवरून अंगठा फिरवला तर एकाची धातूची कड अशी लागली की रक्ताचा थेंब आला. "जिंदगीभर लोकायले धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आता मलेच घ्या लागते," असं म्हणून त्या उठल्या. दुकानदारानं मात्र जाताना त्यांना चिकटपट्टी दिली आणि हळूच विचारलं, "मॅडम, वो अंदर की पट्टी चिपकाने से ठीक होगा क्या?"

दोन महिने असेच गेले. मग दीपिकाच्या फोनवर एक यादी आली. मलाजखंडच्या खाणीच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरची बदली झाली होती आणि घरचं सामान विकायचं होतं. यादीत फ्रिज होता. फ्रिजच्या फोटोत मागच्या भिंतीवर, भोकात प्लास्टिकची फुलं खोचलेलं युकुलेले टांगलेलं होतं.

बाईंनी सकाळची बस धरली. बैहरच्या घाटवळणांत बस हिंदकळली तरी स्टेथोस्कोपची पिशवी त्यांनी मांडीवरून हलवली नाही.

दार इंजिनिअरच्या बायकोनं उघडलं. नूतन तिचं नाव, माहेर भंडाऱ्याकडचं. अनुसयाबाईंनी फ्रिजकडे ढुंकूनही न पाहता भिंतीकडे बोट दाखवलं.

"ते? शोभेचं आहे हो. द्या दोन हजार, फुलांसकट."

बाईंनी फुलं काढली, बॅटरी लावली. आत कागदाची जुनी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर हवाईतल्या होनोलुलूच्या कारागिराचं नाव आणि शाईत लिहिलेलं साल. लाकूड तपकिरी-सोनेरी, रेषा पाण्यावरच्या लहरींसारख्या. कडा लोण्यासारख्या गुळगुळीत. तारा जुन्या, मळकट, तरी बाराव्या पडद्यावर सूर सुईसारखा सरळ निघाला.  दोन हजार पर्समध्ये होते. पैसे मोजायचे, बस धरायची, संपलं.

अनुसयाबाईंनी दोन हजार बाहेर काढले आणि परत पर्समध्ये टाकले. मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "बाई, हे शोभेचं नोहय. खरंखुरं हवाईचं आहे. याचा भाव तुमच्या फ्रिजच्या वर जाते."

नूतनला हसावं की रागवावं कळेना. स्वतःहून भाव वाढवणारं गिऱ्हाईक तिनं कधी पाहिलं नव्हतं. नक्की काहीतरी फसवाफसवी आहे, असं वाटून तिनं युकुलेले काढून घेतलं, छातीशी धरलं आणि नवऱ्याला फोन लावला.

नवरा, महेंद्र, डबा खायच्या सुट्टीत आले. सगळं ऐकून म्हणाले, "भावानं आणलं होतं अमेरिकेतून. तुम्हाला वाजवता येतं?"

"तीन सूर येते. तिन्हीत एक गाणं बसते."

बाईंनी ते गाणं वाजवलं, अडखळत, एक कडवं दोनदा. महेंद्रांचं जेवण तसंच राहिलं. भिंतीवरचं ते वाद्य सहा वर्षांत पहिल्यांदाच बोललं होतं.

"दहा हजार," ते शेवटी म्हणाले.

"सहाच्या वर मी जाऊ शकत नाही. आणि हे ऐका." बाईंनी स्टेथोस्कोप काढून त्यांच्या कानात घातला, चकती वाद्याच्या पाठीवर ठेवली आणि तार छेडली. महेंद्रांचे डोळे मोठे झाले. ते म्हणाले, "किर्रर्र येतं आहे."

"पाठीले बारीक चीर आहे. बाळंतपण अवघड नाही, पण टाका लागन."

महेंद्र हसायला लागले, मग नूतनही. सहा हजारांत ठरलं. दोन हजार रोख, बाकीचे मोबाईलवरून. अट एकच, की वाजवल्याचा व्हिडिओ अमेरिकेच्या भावाला पाठवायचा. फुलं नूतननं ठेवून घेतली.

बालाघाटला चैतराम सुतारानं ती चीर आठवडाभर डिंक भरून, शिकंज्यात आवळून बुजवली. घनश्यामांनी भिंग घेऊन आतली चिठ्ठी वाचली. सालाखाली शाईचा गोल ठसा होता.

"शिक्का बरोबर आहे," ते म्हणाले.

रविवारी विहारात वंदनेनंतर गाणी सुरू झाली. अनुसयाबाईंनी युकुलेले वाजवायला घेतलं आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही. प्रेमलालची ढोलक अशी घुमत होती की तारा नुसत्या हलताना दिसत.

"प्रेमलाल, पंज्यानं नोको, दोन बोटानं वाजव," बाई म्हणाल्या.

"दोन बोटानं काहून? मी काय लकवा मारलेला आहो?"

"हातावरची नस फुगून राह्यली तुही. मी पाहून राह्यली ना."

प्रेमलालनं घाबरून हाताकडे पाहिलं. मागच्या रांगेत घनश्याम खोकल्याचं निमित्त करून रुमालात हसले. मग ढोलक दोन बोटांवर आली, आणि चार तारांचा बारीक, नितळ आवाज पहिल्यांदा विहाराच्या दारापर्यंत पोचला.