ऱ्यावरची पिवळी चौकट

कळंबच्या आमच्या छोट्या ऑफिसात माझा एक सहकारी माझ्या शेजारी बसतो. आम्ही आडत बाजारासाठी मोबाईल ॲप बनवतो. चपला काढून खुर्चीवरच मांडी घालायची आणि कोड लिहायच्या एडिटरशी माणसासारखं बोलायचं, ही त्याची सवय. "थांब की जरा, लई घाई तुला!" ॲपची नवी आवृत्ती सोडायची वेळ आली, की त्याचे हात हमखास एडिटरच्या सेटिंगकडं वळतात आणि माझं डोकं फिरतं.

परवाही तसंच. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातल्या ऱ्याभोवती एडिटरनं पिवळी चौकट काढली होती. ऱ्याच्या पोटातल्या एका न दिसणाऱ्या चिन्हाचा एडिटरला संशय आला होता; अशी चिन्हं कोडात लपवून घोटाळे करता येतात.

"काढून टाक की ते चिन्ह," मी वैतागून म्हणालो. "आत्ता ॲप सोडायचंय."

त्यानं काढून दाखवलं. ऱ्या मोडला, रफार डोक्यावर चढला: 'शेतकर्यांसाठी'.

"आपली माणसं असं लिहितेत व्हय?"

चिन्ह परत घालून त्यानं आमचं सामाईक सेटिंग उघडलं आणि आम्हा सगळ्यांच्या एडिटरमधली ती चौकट बंद केली. मग पडद्याकडं बघत समजुतीनं म्हणाला, "तुझा दोष न्हाय बाबा. तुला मराठी कुणी शिकवलीच न्हाय."