घोड्याच्या कानातला कापूस

"डोळे मिट. पाय जोड. हात खाली सोड."

डॉक्टर एवढंच म्हणाला. मी डोळे मिटले आणि पडलो.

ओसरीवर बसलेले पाहुणे खो खो हसले. पडताना माझा हात पितळी तबकाला लागला. त्यातली विड्याची पानं अंगणभर पसरली. पाहुण्यांसाठी निवडून आणलेली, कोवळी, कुंभकोणमची पानं. कारभारी धावत आला. मला उचलायला नाही. पानं उचलायला.

"आणिक एकदा करवा!" एक पाहुणा ओरडला. हसता हसता त्याच्या तोंडातली पिंक माझ्या पायाशी येऊन पडली. लाल, कोमट. थोडी माझ्या अंगठ्यावरही उडाली. त्यानं पाहिलं. पुसायला कुणाला सांगितलं नाही.

मला पुन्हा उभं केलं. मी पुन्हा पडलो. मग धन्यानं दारातल्या कोलमकडे, पिठाच्या रांगोळीकडे, बोट दाखवलं. "त्या रेघेवरून चाल पाहूं." सकाळी काढलेली सरळ रेघ होती ती. तिसऱ्या पावलाला माझा पाय भलतीकडे गेला. रेघ पुसली. आतून बायकांचं हसू आलं, आणि मागोमाग शेणपाण्याचा घडा. माझा पाय लागला होता ना. जागा शुद्ध करायला हवी होती.

त्या वेळी मी पंचविशीचा असेन. आजही ते अंगण आठवलं की मला किळस येते. त्यांची येतेच. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर थोडा हसलो होतो, त्याची जास्त येते.

ते घर सरदाराचं. तंजावरच्या मराठी राजाच्या पदरचं. राज्य कंपनीनं गिळलं त्याला पिढ्या झाल्या होत्या. तरी धनी घरात फेटा बांधून बसायचा, आणि गोरा कलेक्टर गावात आला की तोच फेटा सावरत स्टेशनवर धावायचा. माझा पणजा तंजावरच्या किल्ल्यात गोलंदाज होता. किल्ल्यातल्या तोफा गेल्या तेव्हा आमची माणसं या घराच्या मागच्या खोल्यांत आली. इथं तोफ कुठली? लोखंडी उखळ्या होत्या, वीतभर उंच. आत बारूद भरायची, वरून विटेचा चुरा ठासायचा, वात लावायची. दसऱ्याला धनी घोड्यावर बसून सीमोल्लंघनाला निघाला की आम्ही बार काढून सलामी द्यायची.

गंमत अशी, की दरबारात या घराण्याला सलामी कधी नव्हतीच. जुनी माणसं दबक्या आवाजात सांगायची. राजा होता तोवर यांची छाती झाली नाही. राजा गेला, वर विचारणारा कुणी उरला नाही, तेव्हा यांनी स्वतःच स्वतःला सलामी सुरू केली. इंग्रजानंही हरकत घेतली नाही. देवळाच्या उत्सवात असे बार निघतात, तसेच हे, असं त्याला वाटलं असेल.

त्या खोट्या सलामीचा नियम मात्र खरा होता. बार काढणाऱ्यानं कानावर हात ठेवायचा नाही. कानात काही घालायचं नाही. कान झाकले म्हणजे ज्याला सलामी द्यायची त्याचा मान नाकारला, असं ते मानत. ओसरीवरचे पाहुणे दोन्ही हातांनी कान दाबून बसायचे. बायका दारं लावून घ्यायच्या. आम्ही उखळीपासून दोन हातांवर, ताठ, हात खाली.

आजा बहिरा झाला. बाप बहिरा झाला. माझा डावा कान विशीच्या आतच फुटला. वाहायला लागला. वास यायचा. मला माझाच वास यायचा. जेवताना मी तोंड भिंतीकडे करून बसायचो. कुणी लसणाचं तेल घालायला सांगितलं, कुणी बकरीचं मूत. दोन्ही घातलं. घरात माझं नाव कुणी घेत नसे. सेविडा म्हणत. तमिळमध्ये बहिऱ्याला म्हणतात तसं.

मग जमीन फिरायला लागली. बसल्या जागी. आढं खाली यायचं, पोटातलं वर यायचं. मी भिंत धरून चालायचो. लोकांनी लगेच ठरवलं, हा ताडी प्यायला लागला. बापावर गेला. माझा बाप कावेरीच्या घाटावर पाय घसरून पडला आणि वाहून गेला होता. पिऊन पडला, असंच सगळं गाव म्हणालं. मीही तेच ऐकत मोठा झालो.

हा डॉक्टर नवरात्रात धन्याकडे पाहुणा म्हणून आला होता. सरकारी दवाखान्यात नुकताच बदलून आलेला. मद्रासला कान तपासायच्या नव्या रीती शिकलो, असं तो कॉफी पिता पिता बोलला. धन्याला भारी मौज वाटली. "आमच्याकडे एक सेविडा आहे. बोलावूं काय? इथेच करून दाखवा." म्हणून मला बोलावलं. नाटक पाहायला बसावं तसे सगळे मांडी घालून बसले.

पाडून झाल्यावर डॉक्टरानं पिशवीतून दोन दांड्यांचा पोलादी चिमटा काढला. गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड माझ्या कपाळाला टेकवलं. डोक्यात गुंजन सुरू झालं. बारीक, गोड. मंदिरातल्या घंटेचा शेवटचा नाद राहतो तसं. डॉक्टरानं वाकून मला तमिळमध्ये विचारलं, "कुठल्या बाजूला ऐकू येतं?"

मी उजवीकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत माझ्या कानाबद्दल मला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मला वाटलं, हा माणूस आता मला सांगेल. कान का गेला, बरा होईल की नाही, जमीन का फिरते. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्यानं चिमटा रुमालानं पुसला. दोनदा पुसला. आणि माझ्याकडे पाठ करून धन्याशी बोलू लागला. गुरांचा वैद्य बैलाशी थोडाच बोलतो? तो मालकाशी बोलतो.

"डावा मेला आहे. उजवा शाबूत आहे, पण असेच बार काढत राहिला तर तोही जाईल. आणि तो पडतो ते ताडीमुळे नाही. शरीराचा तोलही कानाच्या आतच असतो. बारांनी तो बिघडला आहे."

उजवा शाबूत आहे, हे त्यानंच नुकतं तपासलं होतं. मी ऐकतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो माझ्या डोक्यावरून बोलला. धन्याला वाटलं, सेविड्याला काय कळतंय.

"एक कान आहे नव्हे?" धनी म्हणाला. "मग बहुत झाले. पुष्कळ दसरे निघतील."

"निदान तेलात भिजवलेला कापूस घालू द्या त्याला कानात."

"सलामींत कापूस? आमच्या घराण्यांत तें होत नाही."

मला वाटलं, डॉक्टर आता बोलेल. त्यानं कॉफीची वाटी उचलली. "कॉफी फार उत्तम आहे तुमच्याकडची," तो म्हणाला.

थू. एवढं शिकून, मद्रासला जाऊन, माझ्या कवटीत वाजवून बघून, शेवटी हे.

खोलीवर गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. पडतो ते ताडीमुळे नाही, तोल कानात असतो, बारांनी जातो. तिचे हात थांबले. सूप तसंच मांडीवर. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"तुझ्या बाला अस्के लोक, सारा गाव, बेवडा बोलले रे. तो देवाची आण घेऊन सांगे, मी घेतली नाही. मी ऐकले नाही. त्याला बाहेर निजविले मी. पावसांत."

ती रडली नाही. नुसती सूप हलवत राहिली. आत एक दाणा नव्हता. सगळे कधीच खाली सांडले होते. मी ते गोळा करत बसलो. माझ्या बापाचा कान घेतला. तोल घेतला. जीव घेतला. आणि वर नावही घेतलं, त्याला बेवडा ठरवून. कशासाठी? कुणी न दिलेल्या मानासाठी.

दसरा आला. मी उखळ्या मांडल्या. होय, मांडल्या. रक्तात मुरलेली सवय होती ती, आणि डोक्यावरचं छप्परही त्यांचंच होतं. बारूद ठासून झाली तसा कारभारी आला. माझ्या हातात कापसाचा मोठा पुंजका दिला. स्वच्छ, पिंजलेला, तिळाच्या तेलात बुडवलेला.

"घोड्याच्या कानांत घाल," तो म्हणाला. "नीट घाल. मागल्या वर्षीं बिथरला होता."

दरवर्षी मीच घालायचो. कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घोड्याचं डोकं काखेत धरलं, एक बोळा उजव्या कानात सारला, एक डाव्यात. घोडा शांत उभा. त्याचे कान कोरडे, गरम, मऊ. आत एक खपली नाही. आणि मी त्याच्याजवळ उभा राहून माझ्याच कानाच्या पुवाचा वास घेत होतो.

मला ओकारी आली. चक्करीची नव्हे. मी तबेल्याच्या कोपऱ्यात जाऊन ओकलो.

हातात थोडा कापूस उरला होता. मी तो माझ्या उजव्या कानात घातला. उघडपणे, अंगणात उभा राहून.

धनी घोड्यावर बसला. पाहुणे ओसरीवर. तो डॉक्टरही होता, पुढच्या रांगेत. धन्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं कारभाऱ्याला खूण केली. कारभारी आला. माझं डोकं धरलं, बोट घालून कापूस ओढून काढला आणि बोट माझ्याच खांद्याला पुसलं. सगळ्यांसमोर. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता.

"बार काढ!" धनी ओरडला.

पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले.

माझ्या हातात वेळूची काठी होती. टोकाला पेटता काकडा. शेजारी पाण्याची घागर, आगीसाठी ठेवलेली. मी काकडा घागरीत बुडवला. चर्र झालं. धूर निघाला. उखळ्या तशाच उभ्या. पाहुणे हात कानांवर ठेवून वाट बघत राहिले. बराच वेळ. बार काही होईना. मग एकेकाचे हात खाली आले.

"ऐकूं आले नाही काय रे, सेविडा?"

"आलं," मी म्हणालो. "त्या दिवशीही आलं होतं. पुष्कळ दसरे निघतील म्हणालात. एकही निघणार नाही."

पुढचं सांगण्यासारखं नाही. मारलं. कारभाऱ्यानं मारलं, आणखी दोघांनी मारलं. फक्त मी दोन्ही हात उजव्या कानावर घट्ट धरून ठेवले होते. पाठ त्यांना दिली, तो कान दिला नाही. अंधार पडायच्या आत मी आणि आई भांडी डोक्यावर घेऊन बाहेर पडलो. तिरुवलंचुळीला मामाच्या घरी गेलो. मामी दारात तोंड वाकडं करून उभी होती, पण तिनं आत घेतलं.

अंगावरची सूज उतरली तशी मी सरकारी दवाखान्याची रांग धरली. माझी पाळी आली. डॉक्टरानं मला ओळखलं. मान खाली घालून म्हणाला, "तू त्या सरदाराकडचा ना?"

"मी कुणाकडचा नाही. कान माझा आहे. तेव्हा तुम्ही धन्याला सांगितलंत. आता मला सांगा."

रांगेतली माणसं ऐकत होती. त्याला सांगावं लागलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, माझ्या तोंडाकडे बघून. डावा परत येणार नाही. धुऊन कोरडा ठेवला तर वाहणं थांबेल. चक्कर पुरती जाणार नाही, पण हळूहळू पायांना सवय होईल. वाईट बातमी होती. तरी ती माझी होती, मला सांगितलेली होती. त्यानं पिचकारीनं कान धुतला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दुखलं. मी त्याचे आभार मानले नाहीत. आजही मानत नाही.

कान आता वाहत नाही. मी काठी घेऊन चालतो. बाजारात कुणी ताडीबाज म्हणालं तर थांबतो, आणि त्याला कानाचं सगळं समजावून सांगितल्याशिवाय सोडत नाही. माझ्या बापाचंही सांगतो. त्याचं नाव घेऊन सांगतो.

धन्यानं पापनाशम्‌हून नवा माणूस आणला आहे. तरुण आहे, दोन्ही कान धड आहेत. मी त्याला गाठलं. तो हसला. म्हणाला, "राहायला खोली दिली आहे, दोन वेळा जेवण आहे." मीही कधीकाळी हेच म्हणत होतो, म्हणून मला त्याचा राग आला नाही. राग कुणाचा करायचा ते मला ठाऊक आहे.

मी परत जाणार आहे. उद्या, परवा, रोज. त्याच्या खोलीसमोर बसणार आहे. हाकलतील, मारतील. त्याला हाताला धरून दवाखान्यात नेईन, डॉक्टरला त्याच्या तोंडावर बोलायला लावीन. तो गेला तर त्याच्या जागी येणाऱ्यालाही गाठीन. त्या घराला यापुढे मी एकही कान मिळू देणार नाही.